धाकू गार्डाचं घड्याळ आणि तेरा नंबरचं कॉलेट

घड्याळजी म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. डोळ्याला भिंग लावून, मान मोडून, तीळभर चाकांत तोंड खुपसून बसलेला माणूस. चित्र खोटं नाही. पंचवीस वर्षं कर्जतच्या बाजारात मी तसाच बसलो, आणि मान आता जी पुढे आली आहे ती काही परत मागे जायची नाही. पण या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा भिंगाबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं. भिंग कोणालाही विकत मिळतं. आमची कसोटी लागते ती वस्तू धरताना, आणि धरण्याच्या बाबतीत माझी एकदा अशी फजिती झाली की आजही आठवलं की आधी घाम फुटतो आणि मग हायसं वाटतं.

आधी थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घड्याळाच्या पोटात एक चाक सारखं मागेपुढे हेलकावत असतं. कानाला टिकटिक ऐकू येते ती त्याची. हे चाक एका बारीक पोलादी आसावर बसवलेलं असतं आणि त्या आसाची दोन्ही टोकं केसाइतकी असतात. घड्याळ हातातून पडलं की पहिलं मरण या टोकाला. टोक तुटलं की नवा आस घडवायचा, आणि तो घडवायला लागतो लेथ. माझा लेथ एवढासा होता, दिवाळीच्या फराळाच्या डब्यात मावेल. डाव्या हाताने चाक फिरवायचं, दोरीने लेथची नळी फिरते, नळीच्या तोंडात पोलादाची तार धरलेली असते, आणि उजव्या हातातल्या कोरणीने ती कोरत जायची.

ती तार ज्यात धरतात त्याला म्हणायचं कॉलेट. बोटाच्या पेराएवढी पोलादी नळी, तोंडाशी तीन ठिकाणी चिरलेली. मागून आवळली की लेथच्या नळीत आत ओढली जाते आणि चिरलेलं तोंड मिटतं. चिमटीत मीठ धरावं तसं ते तारेला धरतं. पण आपली चिमूट मिठाच्या खड्यालाही चालते आणि शेंगदाण्यालाही. कॉलेटाचं तसं नाही. प्रत्येक कॉलेटावर नंबर असतो आणि ते त्याच जाडीच्या तारेसाठी जन्माला आलेलं असतं. चौदा नंबरात चौदाचीच तार. बारीक तार घालून आवळलीत तर ते फक्त ओठांनी धरतं आणि तार मागे डुलते. जाड तार कोंबलीत तर ओठ फाकतात आणि पुन्हा कधी पूर्ववत होत नाहीत. तार जोर न लावता आत गेली पाहिजे आणि आत गेल्यावर हलता कामा नये. निवडायचं कसं, याचं सगळं शास्त्र एवढंच.

हे मला शिकवलं मुंबईच्या पेस्तनजींनी. त्यांच्या दुकानात मी सहा वर्षं उमेदवारी केली. एखादं कॉलेट सापडलं नाही की मी जवळचा नंबर घेऊन करकचून आवळायचा आणि म्हातारा पाठ फिरवूनही ते ओळखायचा. "जोर मत लगाव, नंबर देख," एवढंच म्हणे. पुढे त्यांची नजर गेली. जर्मन लढाई संपली त्या सुमारास त्यांनी तो लेथ आणि लाकडी पेटीतली सगळी कॉलेटं माझ्या हवाली केली, आणि मी कर्जतला येऊन दुकान मांडलं. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. मागच्या ओट्यावरून रेल्वेचं यार्ड दिसायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. खालापूरचे एक पेन्शनर अण्णा होते. ते दर दोन महिन्यांनी घड्याळ घेऊन येत आणि म्हणत, "हे चाळीस मिनिटं मागे पडतं." मी खोलावं, पुसावं, तेल द्यावं, आठवडाभर टांगून ठेवावं, घड्याळ मिनिटभर हलायचं नाही. दोन महिन्यांनी अण्णा पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "अण्णा, तुम्ही हे लावता कुठे?" तर ते लावत मुंबईला, जावयाच्या दिवाणखान्यातल्या घड्याळाशी, आणि ताडून बघत कर्जत स्टेशनात. मुंबईकर आपला मुंबई टाइम धरून बसलेले आणि रेल्वेचा टाइम त्याच्या पुढे. हे मी त्यांना नीट उलगडून सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे घड्याळ बरं आहे, मुंबईच मागे आहे म्हणायची."

मी पोट धरून हसलो. दोष जिथे नाही तिथे हा माणूस शोधत बसला, असं चारचौघांत रंगवून सांगितलंसुद्धा. माझीही पाळी येणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी दुकानाची फळी काढतोय तोच दहिवलीचा धाकू धापा टाकत आला. धाकू आधी मालगाड्यांवर ब्रेकवाला होता. घाट उतरताना डब्यांचे हातब्रेक आवळायचे, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. बारा वर्षं ते करून तो नुकताच गार्ड झाला होता. त्याने खिशातून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं.

"तात्या, मेलो. ह्ये बघा. घाटात गाडी उभी ऱ्हायली म्हनून उतराया गेलो, खडीवरना पाय सरकला. साखळी तुटली नि घड्याळ थेट रुळावर. कानाला लावलं तं गप."

मी भिंग लावलं. आसाचं वरचं टोक गेलं होतं.

"रेल्वेचं आहे हे, धाकू. रेल्वेलाच दे ना दुरुस्तीला."

"सोमवारी सकाळी सायेब येतोय घड्याळं तपासाया. बंद घड्याळ दाखवलं तं हलगर्जी म्हनून लिवनार नि मला परत ब्रेकवर घालनार. सा महिने नाय झाले गार्ड होऊन. आई साऱ्या दहिवलीत सांगत फिरते, माजा धाकू गार्ड झाला म्हनून. तिला काय सांगू मी?"

रेल्वेचं घड्याळ बाहेर उघडायचं नाही असा नियम होता. मला तो माहीत होता, त्यालाही. आज धाकू नोकरीतून मोकळा झाला आहे आणि मीही दुकान आवरलं आहे, म्हणून हे उघड लिहितो. त्या घड्याळाचे सुटे भाग रेल्वेच्याच भांडारात, बाजारात मिळत नसत. म्हणजे आस घडवणं आलं. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "रविवारी संध्याकाळी घेऊन जा. त्यात काय एवढं!"

माझ्याकडे चौदा नंबरच्या जाडीच्या तारेचे तीन तुकडे शिल्लक होते. चौदाचं कॉलेट घेतलं, तार बिनबोभाट आत गेली, आवळली. आसाची एक बाजू कोरून झाली की तो उलटा करायचा, कोरलेली बाजू बारीक नंबरच्या कॉलेटात धरायची आणि दुसरी बाजू कोरायची. दोन्ही वेळा धरणं अगदी सरळ असेल तरच दोन्ही टोकं एका रेषेत येतात. शुक्रवारचा दिवस त्यात गेला. संध्याकाळी आसावर चाक बसवून फिरवलं आणि माझा चेहरा उतरला. चाक डगमगत होतं. दोन टोकं एका रेषेत नव्हती.

असं माझं कधी झालं नव्हतं. शनिवारी दुसरा तुकडा घेतला. या खेपेला भिंगातून बघतो तर तार फिरताना तिचं टोक जागेवर राहण्याऐवजी इवलंसं वर्तुळ काढत होतं. कॉलेट काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तेच. रेटून तसाच कोरत गेलो आणि टोक कोरणीखाली मोडलं.

आता चौदाचं कॉलेटच गेलं असं मी ठरवून टाकलं. पेस्तनजी असते तर म्हणाले असते, थांब, विचार कर. पण डोक्यात धाकूची आई फिरत होती. तिसरा तुकडा मी तेरा नंबरात कोंबला. मारून मुटकून वैद्यबुवा. चौदाची तार तेराच्या तोंडात जायला तयार नव्हती, मी ती पकडीने दाबून घातली आणि अंगचा सगळा जोर लावून आवळली. कोरणी टेकवताच तार उडाली, भिंतीवर आपटली आणि दोन तुकडे झाले. कॉलेट काढून बघतो तर तेराचे ओठ फाकलेले. वीस वर्षं पेस्तनजींनी आणि पुढे मी जपलेलं कॉलेट मी एका क्षणात मारलं होतं. मला खरोखर रडू आलं. आणखी दोनचार कॉलेटं जुन्या मोडक्या आसांवर लावून बघितली, तीही वाकडी धावत होती.

अशा वेळी माणसाला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो. मला आठवलं, नवरात्रात घराची झाडलोट झाली तेव्हा कॉलेटांची पेटी फळीवरून खाली काढली होती. मी तसाच आत गेलो. बायको तांदूळ निवडत होती.

"पेटी पाडलीस ना तू? झाडताना?"

"कुठली पेटी?"

"माझी. लेथची. सगळी कॉलेटं वाकडी धावतायत. आपोआप होतं का ते?"

तिने सूप खाली ठेवलं. "मी तुमच्या पेटीला हात लावत नाही. ती तुम्हीच खाली काढलीत आणि तुम्हीच वर ठेवलीत."

"मग काय भुताने पाडली?"

"ते मला काय ठाऊक! नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी काहीतरी लागट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, लाज वाटते. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

रविवार उजाडला. मी लेथपुढे नुसता बसून होतो. मनात येत होतं, कॉलेटं नाहीत, लेथची नळीच वाकली असणार. तसं असेल तर धाकूचं गार्डपण तर गेलंच, माझंही दुकान आटोपलं, कारण असा दुसरा लेथ घेणं या जन्मी शक्य नव्हतं. संध्याकाळी धाकू आला की त्याला काय सांगायचं याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. हाताला चाळा म्हणून नळीच्या तोंडात चिंधी घालून फिरवत होतो आणि बोटं धोतराला पुसत होतो.

बायको चहा घेऊन आली. अबोला होता, तेव्हा पेला ठेवून ती तशीच परत जायची. पण ती थबकली आणि एकदम माझा हात धरला.

"अहो, रक्त आलंय! कुठे कापलं?"

मी बोटं बघितली. लाल होती. धोतरावरही लाल डाग. पण कुठे कापलेलं नव्हतं, दुखत तर मुळीच नव्हतं. मी बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास, आणि त्यात हळदीचा.

कुंकू होतं ते.

बुधवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. कोरण्या, पकडी, भिंगं, सगळं पाटावर मांडायचं. त्या वर्षी मला भक्तीचं भरतं आलं होतं. कॉलेटं पेटीतून काढून मीच ताटात ओळीने मांडली आणि लेथला हळदकुंकू वाहताना, ही त्याची मुख्य जागा म्हणून, नळीच्या तोंडाला बोटाने भरघोस लावलं. नळीचं तोंड आतून निमुळतं असतं आणि कॉलेट तिथेच जाऊन बसतं. तिथे तेल लावलेलं होतं. तेलात कुंकू कालवलं जाऊन एका अंगाला त्याचा लेप बसला होता, डोळ्याला दिसणार नाही एवढा. पण केसाइतक्या टोकाला तेवढा डोंगराएवढा. मी कॉलेटं पुसत होतो बाहेरून, आणि दोष होता त्यांच्या बैठकीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? एक नाही, दोन नाही, सगळीच कॉलेटं वाकडी धावताहेत म्हटल्यावर हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. खालापूरच्या अण्णांना हसणारा मी!

ठाकरवाडीवरून एक म्हातारा बाजाराला येई, त्याच्याकडून मी बांबूच्या बारीक काड्या आणि भेंडाचे, म्हणजे झाडाच्या मऊ गाभ्याचे, तुकडे घेऊन ठेवत असे. भेंड घासलेटात बुडवून नळीच्या तोंडात फिरवला. लाल निघाला. दुसरा गुलाबी. पाचवा पांढरा स्वच्छ. चौदाचं कॉलेट बसवलं, मोडक्या तारेचा तुकडा धरला आणि चाक फिरवलं. टोक जागच्या जागी. फिरतंय की थांबलंय तेसुद्धा कळू नये, इतकं स्थिर. लेथ वाचला होता.

पण तार संपली होती. मोडके तुकडे आसाला पुरणारे नव्हते. मी घरातल्या सुया काढून मोजल्या. एक जाडशी सुई बरोबर तेराची निघाली, आणि तेरा मी कालच मारलं होतं! तीच सुई चौदात घालून थोडी जास्त आवळावी, एवढीशी तर तफावत, असा मोह झाला. हात तिकडे गेलासुद्धा. मग फाकलेल्या ओठांचं ते तेरा नंबर समोर पडलेलं दिसलं आणि हात मागे घेतला.

बायको दारातच उभी होती. आत गेली आणि डब्यातून गोधड्या शिवायचा दाभण घेऊन आली.

"हा फार जाड होईल का?"

दाभण मोजला. वीस नंबर. वीसचं कॉलेट पेटीत नवंकोरं होतं, वर्षानुवर्षं कोणी वापरलं नव्हतं. जाड पोलाद कोरायला दुप्पट वेळ लागणार होता, पण धरलं तर जाणार होतं सरळ. दाभण कोरण्याइतका मऊ व्हावा म्हणून निळा होईपर्यंत तापवला, थंड केला आणि बसलो. ती पलीकडे स्टुलावर बसली आणि न सांगता लेथचं चाक फिरवू लागली, म्हणून माझे दोन्ही हात कोरणीला मोकळे राहिले. या खेपेला मी घाई केली नाही. आस कोरून मग त्याला कॉलेट शोधत बसण्यापेक्षा अकरा नंबरचं कॉलेट आधीच पुढ्यात ठेवलं आणि आसाची पहिली बाजू त्यात अलगद जाईल एवढीच बेतून कोरली. उलटा केला, अकरात धरला, जोर लावावा लागला नाही. दिवेलागणीला चाक आसावर बसलं, घड्याळात गेलं आणि हेलकावायला लागलं.

धाकू आला तेव्हा मी घड्याळ नुसतं त्याच्या कानाशी धरलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बोलतंय, तात्या."

"बोलतंय खरं. पण उद्या बरोबर बोललं पाहिजे. आताच स्टेशनच्या घड्याळाशी लाव आणि रात्रीतून दोनदा ताडून बघ."

सोमवारी सकाळी साहेब आला आणि गेला, एवढं बाजारात कळलं. धाकूचा पत्ता नव्हता. दहा वाजले, अकरा वाजले. दुकानात माझं चित्त नव्हतं. रात्रीतून घड्याळ मागेपुढे झालं असेल का? साहेबाने झाकण उघडून नवा आस ओळखला असेल का? मी मागच्या ओट्यावर जाऊन यार्डाकडे बघत उभा राहिलो. घाटाकडे निघालेल्या मालगाडीला मागून जोडायची इंजिनं लागत होती. शिटी झाली, गाडी हलली. डब्यामागून डबे गेले. ब्रेकवाले आपापल्या जागी होते. मी एकेकाचं तोंड न्याहाळत होतो आणि त्यांत धाकू दिसू नये म्हणून देवाचा धावा करत होतो.

तो त्यांत नव्हता. तो गार्डाच्या डब्यात होता. इस्त्रीचा कोट, हातात हिरवं निशाण. आमचा ओटा दिसताच त्याने दुसऱ्या हाताने छातीवरचा खिसा थोपटला आणि गाडीच्या खडखडाटावर ओरडला, "एक मिनिटबी नाय, तात्या! एक मिनिटबी नाय!"

मी ओट्याच्या कडेला बसलो. बायको आतून हात पुसत आली.

"सुटला का हो?"

"सुटला," मी म्हणालो. आणि मग कालपासून सांगायचं राहिलेलं एकदाचं बाहेर पडलं. "पेटी तू पाडली नव्हतीस. कुंकू मी लावलं, तेरा नंबर मी मोडलं, आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. चूक माझी होती."

तिने गाडीच्या शेवटच्या डब्याकडे बघितलं. तो वळणाआड गेल्यावर म्हणाली, "पेटी मी पाडली नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही तीन दिवस धड जेवला नाहीत, ते मात्र सोसत नव्हतं. उठा आता, पानं घेतलीत."